ॲडम गुड्सची खरी जागा कोणती? माझं मत: २००६ चा मिडफिल्ड

तुमचा प्रश्न असा, की ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या सिडनी स्वान्स क्लबचा ॲडम गुड्स नेमका कोण होता? रकमन, मिडफिल्डर की फॉरवर्ड? जुने सामने बघताना तो दर वेळी वेगळ्याच ठिकाणी दिसतो, असंही तुम्ही लिहिलंय. सिडनीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मलाही वाटलं होतं की ३७ नंबरची जर्सी घातलेले दोन जण खेळतायत. एससीजी, म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंड, माझ्या लेखी सचिनच्या नाबाद २४१ चं मैदान. त्याच हिरवळीवर हिवाळ्यात अठरा-अठरा जण लंबगोल चेंडूमागे धावताना पाहून आधी हसूच आलं. नंतर व्यसन लागलं ते मात्र गुड्समुळेच.

माझं उत्तर आधीच सांगतो: मिडफिल्ड, आणि तोही २००६ चा. ऑफिसातला माझा एक सहकारी घराण्यानेच स्वान्सवाला. हा क्लब १९८२ मध्ये मेलबर्नहून सिडनीला आला, त्याच्या आधी त्याचे वडील साउथ मेलबर्नचे सामने बघायला जायचे. गेली पंधरा वर्षं तो मला ‘रकमन’ म्हणून ऐकवतोय. तेव्हा हा वाद माझ्या घरचाच आहे.

या खेळात ऑफसाइड नाही. खेळ सुरू झाला की कुणीही मैदानात कुठेही जाऊ शकतो, म्हणून ‘जागा’ म्हणजे खरं तर काम. रकमनचं काम सगळ्यात ठसठशीत. गुड्सच्या काळी अंपायर मध्यभागी चेंडू जमिनीवर आपटायचा, दोन्ही संघांचा एकेक उंच गडी उडी मारायचा आणि हाताने टोलवून चेंडू आपल्या मिडफिल्डरकडे पाडायचा. आता उंचीचा हिशोब बघा. फ्रीमँटल क्लबचा रकमन ॲरन सँडिलँड्स २११ सेंटिमीटरचा होता. गुड्स सहा फूट तीन-चार इंचांचा. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत त्याला मागच्या रांगेत उभं करतील, पण रकमध्ये तो बुटकाच. तरीही २००३ मध्ये त्याने बराच वेळ रकमध्ये काढला आणि त्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल मिळवलं. हे मेडल मैदानावरचे अंपायर प्रत्येक सामन्यानंतर ३-२-१ अशी मतं देऊन ठरवतात. त्या वर्षी गुड्स, नेथन बकली आणि मार्क रिचुटो तिघांची २२-२२ मतं झाली आणि मेडल तिघांनाही मिळालं.

माझ्या सहकाऱ्याचा सगळा भर या वर्षावर. ‘रकमनला ब्राउनलो म्हणजे गंमत आहे का?’ गंमत नाहीच. पण सहकारी सामने आठवतो आणि मला त्यातली गुड्सची धाव आठवते. चेंडू टोलवला की समोरचा उंच गडी दम घेत चालू लागायचा, आणि गुड्स तोवर तीस मीटर पुढे पोचून दुसऱ्यांदा चेंडू मागत असायचा. त्याची उडी इतरांसारखी होती, पण उडीनंतरचं त्याचं काम दुसऱ्या कुठल्याच रकमनला जमत नव्हतं. म्हणजे रकमध्ये उभं राहूनही तो मिडफिल्डच खेळत होता! शिवाय त्या काळी रकमन लांबून पळत येऊन एकमेकांवर गुडघे आदळायचे आणि गुडघ्याच्या मागच्या लिगामेंटचं वाटोळं व्हायचं. त्यावर तोडगा म्हणून २००५ पासून मध्यभागी १० मीटरचं वर्तुळ आखून रकमनची धाव त्यातच बांधून टाकली. उंची कमी आणि धाव हेच भांडवल असलेल्या माणसाला या नियमाने रक आणखी महाग पडला असता, असं मला वाटतं.

आता २००६. त्या हंगामाचा बराच भाग तो मिडफिल्डला होता आणि २६ मतं घेऊन दुसऱ्यांदा ब्राउनलो जिंकला, या वेळी एकट्याने. मी याच वर्षाला का चिकटलोय, तर प्रतिस्पर्धी कोचच्या डोळ्यांनी बघा. मिडफिल्डर साधारण पावणेसहा-सहा फुटांचे, चपळ, खाली वाकून चेंडू उचलणारे. गुड्सवर तसा गडी लावला तर हवेतला प्रत्येक चेंडू गुड्सचा. उंच गडी लावला तर तो पळण्यात मागे पडतो आणि शंभर मीटरच्या धावेनंतर दिसेनासा होतो. कबड्डीत एखादा खेळाडू चढाईही जिंकतो आणि कोपऱ्यात मांडीही धरतो, तेव्हा समोरच्या कॅप्टनची जी पंचाईत होते, तीच ही. फॉरवर्डला किंवा रकमध्ये गुड्सला तोडीस तोड गडी शोधता यायचा. मिडफिल्डला तसा गडी कुणाकडे नव्हता.

यात पॉल रूसच्या स्वान्सचाही हात आहे. रूस २००२ मध्ये अर्ध्या हंगामात कोच झाला आणि २०१० पर्यंत राहिला. त्याचा संघ चेंडू मोकळा सोडायचाच नाही. गर्दी, टॅकल, पुन्हा अंपायरचा बॉल-अप (चेंडू वर उडवून नव्याने सुरुवात), पुन्हा गर्दी. २००५ मध्ये तर लीगचे प्रमुख अँड्र्यू डेमेट्रिऊ यांनी या शैलीवर जाहीर टीका केली, अशाने फारसे सामने जिंकता येणार नाहीत अशा अर्थाची. त्याच वर्षी स्वान्सनी वेस्ट कोस्टला ५८-५४ असं हरवून फायनल मारली, ७२ वर्षांनी! (ही गोष्ट सिडनीत अजूनही मिटक्या मारत सांगतात.) एससीजी मेलबर्नच्या एमसीजीपेक्षा आखूड, त्यामुळे गर्दी आणखी दाट. त्या गर्दीतून चेंडू बाहेर आला की सगळ्यात आधी मोकळ्या जागेत पोचणारा लांब ढांगांचा माणूस हाच. रूसच्या कुरूप खेळातला देखणा भाग म्हणजे गुड्स.

तुम्ही लिहिलंय की ‘तो खरा फॉरवर्ड होता, कोचने वाया घालवला.’ हे मला पटत नाही. ३७२ सामन्यांत ४६४ गोल, म्हणजे सामन्याला सव्वा. मिडफिल्ड, रक आणि बचाव सांभाळून ही कमाई जबरदस्तच. पण ज्याला आपण जन्मजात फॉरवर्ड म्हणतो त्याचे आकडे वेगळेच असतात. टोनी लॉकेटने २८१ सामन्यांत १३६० गोल केले, आणि लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा १३०० वा गोल त्याने १९९९ मध्ये एससीजीवरच मारला. गुड्सचा पदार्पणाचा हंगामही तोच. लॉकेट गोलच्या तोंडाशी उभा राहून दोन-तीन जणांना अंगावर घेत मार्क पकडायचा. मार्क म्हणजे किक मारलेला चेंडू थेट झेलणं, त्यानंतर निवांत किक मिळते. गुड्सला अशी कुस्ती मानवायची नाही. त्याला पळत येऊन चेंडूला भेटायला आवडायचं. लहानपणी तो सॉकर खेळायचा, आणि जमिनीवरचा चेंडू तो ज्या सहजतेने घ्यायचा ते पाहून मला नेहमी तेच आठवायचं.

मग तो फॉरवर्डला गेला तरी का? कारण तिथे खड्डा पडला. बॅरी हॉल असेपर्यंत गोलसमोरची मुख्य जागा भरलेली होती, जोडीला मायकल ओ’लॉकलिन. हॉलने २००९ च्या मध्यावर क्लब सोडला. २००९ ते २०११ सलग तीन वर्षं स्वान्सचे सर्वाधिक गोल गुड्सचे आहेत. याला मी जागा सापडणं म्हणत नाही, ‘जिथे कमी तिथे आम्ही’ म्हणतो.

माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्लबचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिलं जाणारं बॉब स्किल्टन मेडल गुड्सने तीनदा घेतलं: २००३, २००६ आणि २०११. रकमधलं वर्ष, मिडफिल्डचं वर्ष, फॉरवर्डचं वर्ष. सहकारी हे मोबाइलवर काढून माझ्या नाकासमोर धरतो. मी एवढंच म्हणतो की तिन्ही ठिकाणी तो चांगला होता हे सिद्ध झालं, पण तिन्ही ठिकाणी सारखाच अडवायला अवघड होता हे नाही.

आणखी एक. हल्ली गुड्सचं नाव निघालं की बोलणं थेट २०१५ वर जातं. वर्णद्वेषाविरुद्ध बोलणाऱ्या या आदिवासी खेळाडूची प्रेक्षकांनी मैदानोमैदान हुर्यो उडवली, तो त्याच वर्षी निवृत्त झाला, आणि लीगने माफी मागायला २०१९ उजाडलं. ते बोललं गेलंच पाहिजे. पण १९९७ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) ४३ व्या क्रमांकावर, म्हणजे बऱ्याच उशिरा निवडलेला हा पोरगा खेळायचा कसा, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून एवढं लांबण लावलं.

एक काम करा. २०१२ ची हॉथॉर्नविरुद्धची फायनल पुन्हा लावा, स्वान्सनी १० गुणांनी जिंकलेली. गुडघ्याचं मागचं लिगामेंट त्याच सामन्यात फाटलेलं, तरी गुड्स मैदानातच राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोलही मारला. तो गोल सगळेच बघतात. तुम्ही चेंडू सोडा आणि दहा मिनिटं फक्त ३७ नंबरकडे बघा. गोलपुढे उभं राहायला सांगितलेला तो लंगडा माणूस पुन्हा पुन्हा मैदानाच्या मध्याकडे सरकायला बघतो, असं मला तरी दिसतं. सहकाऱ्याच्या मते हा माझा भास आहे. तुम्हाला काय दिसतं ते कळवा.