ओळखीतल्या मुलाला वेबसाइटवर फोटो चढवायला एफटीपी द्यायचं आहे, पण मुख्य पासवर्ड द्यायचा नाही. कसं करू?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, 'मुलगा घरच्यासारखा आहे, वेगळं खातं काढून दिलं तर त्याला वाईट वाटेल का?' मी लिहायला बसलो तो या ओळीमुळं. खातं काढणं हे चहा होईपर्यंत उरकणारं काम आहे. या ओळीवरून मात्र आमच्या गावच्या वाचनालयाची एक अख्खी मीटिंग गेली, आणि कमिटीतली काही माणसं अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आधी काम. एफटीपी म्हणजे फाइली साइटवर चढवायची वाट. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचा कारभार बघायचं पान) 'फाइल्स'खाली 'एफटीपी अकाउंट्स' उघडा. नाव, पासवर्ड, डिरेक्टरी (म्हणजे त्याला उघडून द्यायचा फोल्डर), कोटा (म्हणजे जागेची मर्यादा), एवढंच भरायचं असतं. यातली डिरेक्टरी सोडली तर बाकी कुठं चुकण्यासारखं नाही. तुम्ही नाव टाइप कराल तसा तो रकाना आपोआप भरत जातो, म्हणून लोक तिकडं बघतच नाहीत. बघितलं तर 'पब्लिक_एचटीएमएल' (साइटच्या सगळ्या फाइली असतात तो फोल्डर) एवढंच ठेवून मोकळे होतात. तसं केलंत की सगळी साइट त्याच्या हातात गेली. वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल गेली, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डही गेला. मग मुख्य पासवर्ड लपवून काय मिळवलंत?

बरेच जण पब्लिक_एचटीएमएलच्या आत 'फोटो' नावाचा फोल्डर करून तेवढाच देतात आणि निर्धास्त होतात. एफटीपीनं तो मुलगा त्या फोल्डरच्या वर चढू शकत नाही, हे बरोबर. खरं त्यानं, किंवा त्याच्या कॉम्प्युटरमधल्या व्हायरसनं, तिथं एक पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम) टाकली आणि ती ब्राउझरमधून उघडली, तर ती तुमच्या खात्याच्या हक्कानं चालते आणि वरचं सगळं वाचू शकते. एचटीॲक्सेस फाइल (फोल्डरात काय चालेल ते ठरवणारी) टाकून त्या फोल्डरात पीएचपी बंद करा असं काही जण सांगतील. ज्याला त्या फोल्डरात लिहिता-पुसता येतं त्याला ती एचटीॲक्सेसही पुसता येते, म्हणून मला तो उपाय कधीच पटला नाही. फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर काढा. मुलगा तिथं फोटो आणून टाकेल, तुम्ही बघून फाइल मॅनेजरमधून आत हलवा. थोडा व्याप आहे, असू दे.

मुलाला सांगायचं ते असं. युजरनेम पूर्ण टाकायचं, म्हणजे नाव, मग ॲट, मग डोमेन. मला येणारे बहुतेक फोन नुसतं नाव टाकल्यामुळंच येतात. पोर्ट २१, आणि फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये 'एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' सक्तीचं करायचं, म्हणजे पासवर्ड वाटेत झाकलेला जातो. पोर्ट २२ चं एसएफटीपी (फाइली चढवायची दुसरी, झाकलेली पद्धत) सीपॅनेलमध्ये या जादा खात्यांना मिळत नाही, ते मुख्य खात्यालाच, त्यामुळं तिथं डोकं आपटू नये. ब्राउझरमधून एफटीपी उघडायचे दिवस २०२१ ला संपले, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं. विंडोजच्या फोल्डरात पत्ता टाकून उघडतं, खरं त्याला टीएलएस येत नाही. आणि त्याच पॅनेलमध्ये 'ॲनॉनिमस एफटीपी' म्हणून एक गोष्ट दिसेल. पाहुण्यासाठी हेच असावं असं वाटून तिला हात लावू नका. ती कुणालाही पासवर्डशिवाय आत घेण्याची सोय आहे.

आता ती ओळ.

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालात की शिनोळीच्या अलीकडं आमचं गाव लागतं. पुढं महाराष्ट्र, चंदगड तालुका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, त्याच्यासमोर आमचं म्हणजे कालचं पोर. तरी आमच्या एका कपाटात हस्तलिखित दिवाळी अंकांची चळत आहे. गावातल्या मास्तरांनी आणि पोरांनी टाकानं लिहिलेले, मासिकातली चित्रं कापून खळीनं चिकटवलेले. सरकारी कागद कन्नडमध्ये, शेताचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, आणि या अंकांत गावातल्या माणसांनी गावातल्या माणसांसाठी लिहिलेलं मराठी. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं संमेलनं भरतात तेव्हा आमचे गुरुजी त्यातले एखाद-दोन अंक कापडात बांधून नेतात, दाखवतात, आणि परत आणून कुलपात ठेवतात. गुरुजी म्हणजे सेक्रेटरी. मलाही त्यांनीच शिकवलंय.

अंक स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचे ही कल्पना गुरुजींचीच, आणि चांगली. साइट मी बघतो, फुकट. कॉलेजला जाणारा एक मुलगा स्कॅनिंगला तयार झाला, गावातलाच. त्याला फाइली चढवायला काहीतरी द्या म्हणून मी गुरुजींना सांगितलं, 'करून देतो.' माझं करून होईपर्यंत त्यांनी होस्टिंगचा मुख्य पासवर्ड कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली दोघातिघांचे अंगठे, आणि कुणाची तरी गुड मॉर्निंगची फुलं.

मी त्याच रात्री पासवर्ड बदलला आणि मुलाला वेगळं खातं काढून दिलं, वर सांगितलं तसं, बाहेरच्या फोल्डरवर. सकाळी खजिनदार अण्णांचा फोन. 'पोरगं आपलंच हाय की. त्याला कुलूप कशाला लावालास?' संध्याकाळपर्यंत ती गोष्ट 'यानं पोरावर चोरीचा आळ घेतला' इथवर पोचली होती.

मीटिंगमध्ये गुरुजी म्हणाले, 'वाचनालयाची किल्ली कमिटीतल्या प्रत्येकाकडं आहे. आजवर एक पुस्तक गेलं नाही.' (गेलेली पुस्तकं रजिस्टरात बघायला मिळतील, खरं ते जाऊ दे.) मी म्हटलं, 'गुरुजी, ती दाराची किल्ली. हस्तलिखितांच्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात असते. ती कुठं कुणाला देता?' यावर कुणीतरी हसलं, आणि तिथंच माझं काम बिघडलं. गुरुजींना लोकांदेखत हसू लागलेलं चालत नाही. ठराव झाला की नवा मुख्य पासवर्ड सेक्रेटरींकडं लेखी द्यावा. दिला. त्यांनी तो पुतण्याला दिला, कारण ते स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.

आणि ज्याच्या मानापमानावरून हे सगळं चाललं होतं त्या मुलाला कुणी विचारलं? कुणीच नाही. त्यानं मला रात्री मेसेज केला, 'दादा, बरं केलासा. उद्या साइट बंद पडली तर माझं नाव कोण घेणार न्हाई.' तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथं संपतं. वेगळ्या खात्यात तो काय करतो आणि काय करत नाही हे दोन्ही लॉगमध्ये त्याच्या नावानं राहतं. मुख्य पासवर्ड सगळ्यांकडं असला की काही बिघडल्यावर गावातलं सगळ्यात लहान पोर दोषी ठरतं, हे आपल्याकडं सांगायला नको.

मधे एकदा कोटा भरला. त्यानं जेपेगऐवजी स्कॅनरमधून निघालेल्या अवाढव्य टिफ फाइलीच टाकायला सुरुवात केली होती आणि अर्ध्यात अडकला. मी कोटा त्यासाठीच ठेवला होता. 'याचं खातंसुद्धा अर्धवट' अशी एक मसलत त्यावरूनही झाली. असो. तुम्ही कोटा 'अनलिमिटेड' ठेवू नका. फाइलींची नावं रोमन अक्षरांत द्यायला सांगा, देवनागरी नावं एखाद्या जुन्या प्रोग्रॅममधून गेली की पलीकडं कचरा होऊन पोचतात.

मग मुलाला बेंगळुरूत नोकरी लागली. तो गेला. गुरुजींच्या पुतण्यानं मुख्य खात्यातून आत जाऊन त्याचं 'रिकामं पडलेलं' खातं काढून टाकलं. सीपॅनेल खातं पुसताना विचारतं की त्या खात्याची डिरेक्टरीही पुसायची का. त्यानं ती टिचकी मारली. अजून साइटवर न हलवलेले सगळे अंक त्या फोल्डरबरोबर गेले. मुलाच्या हार्ड डिस्कवर बहुतेक पानं होती म्हणून वाचलो, उरलेली पुन्हा स्कॅन करावी लागली, आणि त्यात त्या जुन्या कागदाचे कोपरे आणखी तुटले.

गुरुजी आजही संमेलनात भेटले की चारचौघांत सांगतात, 'याच्या त्या वेगळ्या खात्यानं आमचे अंक खाल्ले.' मी तिथं काही बोलत नाही, त्यांचं वय आहे. इथं बोलतो. त्या मुलाच्या खात्याला स्वतःला पुसायची ताकदच नव्हती. ती ताकद फक्त मुख्य पासवर्डात होती, आणि तो पासवर्ड ठराव करून वाटला गेला होता. गुरुजी हे वाचणार नाहीत. पुतण्या वाचेल.

गंमत म्हणजे एफटीपीचा जन्मच गुरुजींच्या पद्धतीच्या जगातला आहे. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत. नेटवर्कवर मोजके कॉम्प्युटर, माणसं एकमेकांना ओळखणारी. म्हणून साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचावा. त्या जगात ते चाललं. २००९ मध्ये गंब्लर नावाचा व्हायरस आला तो साइटवाल्यांच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरमधून एफटीपी पासवर्ड उचलत होता. त्यात कुणाची नियत वाईट नव्हती, कॉम्प्युटरला लागण झाली होती.

म्हणून मुलावर विश्वास आहे का, हे विचारूच नका. तो बसतो त्या कॉम्प्युटरवर आहे का, ते विचारा. आमचा मुलगा बेळगावच्या शहापुरातल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये बसून फाइली चढवायचा. लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर. फाइलझिलामध्ये पासवर्ड साठवला आणि मास्टर पासवर्ड लावला नाही, तर तो सहज वाचता येईल अशा रूपात त्या कॉम्प्युटरवर पडून राहतो. तुमचा मुलगा सोन्यासारखा असेल. प्रेसचा कॉम्प्युटर नाही.

वाईट वाटेल का? वाटलं तर वाटू दे. 'तुझ्यापुरती जागा करून दिलीय, त्यात दुसरं कोणी हात घालणार नाही' असं सांगा. यावरूनही तोंड फुगवणारा असेल तर त्याच्याकडून फोटो चढवून घेऊ नका.

उशिरा सुचलेलं. या खात्यांना मुदत लावायची सोय सीपॅनेलमध्ये नसते, काम संपलं की तुम्हालाच आठवणीनं बंद करावं लागतं. लगेच पुसू नका. आधी पासवर्ड बदला, फोल्डर उतरवून घ्या, मग खातं काढा, आणि डिरेक्टरीची ती टिचकी मारू नका. खात्याची डिरेक्टरी पब्लिक_एचटीएमएल ठेवली असेल आणि टिचकी मारलीत तर काय होईल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. होस्टिंगवाल्याचं पॅनेल सीपॅनेल नसून दुसरं असेल तर रकान्यांची नावं वेगळी असतील, डिरेक्टरीचा मुद्दा तोच.

आणि हे खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं होतं, साइट वर्डप्रेसची आहे का? असेल आणि फोटोच चढवायचे असतील तर एफटीपी देऊच नका. वर्डप्रेसमध्ये त्याच्या नावानं युजर काढा आणि 'ऑथर' ही भूमिका द्या. 'कॉन्ट्रिब्युटर' नको, त्याला फोटो चढवता येत नाहीत.