वडिलांच्या लाळग्रंथीत मेलॅनोमा निघालाय, ऑपरेशन लगेच करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कानापुढच्या गाठीतून सुईने नमुना घेतला, त्यात मेलॅनोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आला, 'लाळग्रंथीचा अतिदुर्मिळ कॅन्सर' असं सांगितलं गेलं आणि पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीखही मिळाली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठींच्या स्लाइड माझ्याकडे येतात. ऑपरेशन बहुधा लागेलच, पण त्याआधी दोन कामं करून घ्या: मेलॅनोमाचं मूळ कुठे आहे याचा कसून शोध आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची, म्हणजे कॅन्सरवर औषधं देणाऱ्या डॉक्टरांची भेट.

मूळ शोधायचं ते अशासाठी. कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीभोवतीचं आवरण गर्भात उशिरा तयार होतं, तोवर शेजारचे लिम्फ नोड (प्रतिकारशक्तीच्या छोट्या गाठी) तिच्या पोटात अडकून बसतात. टाळू, कपाळ, गाल, कान इथल्या कातडीतून निघालेल्या कॅन्सरच्या पेशी याच नोडमध्ये येऊन थांबतात. म्हणून पॅरोटिडमध्ये मेलॅनोमा दिसला की तो बहुतेक वेळा त्वचेवरून आलेला असतो. ग्रंथीतच सुरू झालेला मेलॅनोमा फारच क्वचित आढळतो, आणि बाकी सगळीकडे शोधून हाती काही लागलं नाही तरच तसं म्हणता येतं.

एका गृहस्थांची स्लाइड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मोठाल्या, सुट्या सुट्या पेशी, प्रत्येकीच्या केंद्रकात ठळक ठिपका, रंग मात्र कुठेच नाही. फक्त एका कोपऱ्यात काजळाची पूड सांडावी तसे चार तपकिरी कण. मी सर्जनना फोन करून डोकं पुन्हा तपासायला सांगितलं. केस ओले करून कंगव्याने भांग पाडत गेल्यावर कानामागे नखाएवढा पांढुरका, सपाट डाग सापडला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "इथे काळा तीळ होता यांना. आपोआप गेला, तेव्हा बरंच वाटलं होतं." शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी मूळची गाठ अशी पुसून टाकते, पण तोवर काही पेशी खाली नोडमध्ये उतरलेल्या असतात.

तेव्हा टाळू, कानामागची आणि कानातली कातडी, ओठ, तोंड, दुर्बिणीतून नाक आणि डोळ्याचा पडदा, हे सगळं पाहून घ्या. पूर्वी कधी तीळ किंवा चामखीळ काढली असेल तर आवर्जून सांगा. तिचा जुना ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठे असेल तर तो पुन्हा तपासता येतो. सुमारे ३ टक्के मेलॅनोमात मूळ सापडतच नाही. तसं झालं तरी घाबरू नका, अशा रुग्णांची परिस्थिती इतरांपेक्षा वाईट असते असं नाही.

आता रिपोर्ट. मेलॅनोमा ओळखण्यासाठी पेशींवर करतात त्यांपैकी एस-१०० आणि सॉक्स-१० एवढ्याच चाचण्या पॉझिटिव्ह असतील तर मी तिथे थांबणार नाही, कारण लाळग्रंथीच्या काही वेगळ्या गाठींतही त्या पॉझिटिव्ह येतात. एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए केल्यात का ते विचारा. सुईच्या नमुन्यात तेवढा ऐवज नसेल तर जाड सुईची बायोप्सी करावी लागते. त्याच नमुन्यावर बीआरएएफ या जनुकातल्या बदलाची चाचणीही सांगा. त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलॅनोमांत हा बदल सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत. शिवाय आजार आणखी कुठे पसरलाय का ते पाहायला पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय.

मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना ऑपरेशनच्या आधीच का भेटायचं? हाताला लागेल एवढी गाठ नोडमध्ये असेल, तर ती जागेवर असतानाच इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) सुरू केलेली जास्त उपयोगी पडते. गाठ समोर असली की प्रतिकारशक्तीला शत्रू नीट ओळखता येतो. एसडब्ल्यूओजी एस१८०१ या रुग्णांवरच्या चाचणीत (२०२३) पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे तीन डोस ऑपरेशनआधी आणि उरलेले नंतर दिले, तेव्हा दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा आजार बळावला किंवा उलटला नव्हता. सगळे डोस ऑपरेशननंतर दिलेल्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होतं. २०२४ मध्ये नाडिना या चाचणीत इम्युनोथेरपीच्या दोन औषधांच्या जोडीनेही असाच मोठा फरक दिसला. वडिलांना संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर तो आधीच सांगा. उपचार चालू असताना जुलाब, धाप किंवा खूप थकवा आला तर त्याच दिवशी कळवा.

चेहऱ्याची नस पॅरोटिडमधूनच जाते. आज वडिलांचा डोळा पूर्ण मिटतो का, हसताना तोंड वाकडं होतं का, हे सर्जनना दाखवा. नस चालू असेल तर ती वाचवण्याची पराकाष्ठा केली जाते. ऑपरेशननंतरच्या रेडिएशनने त्या जागी आजार परतण्याची शक्यता कमी होते, आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलेलं नाही. म्हणून ते सरसकट देत नाहीत.

या सगळ्यात महिने घालवू नका, मेलॅनोमा थांबून राहत नाही. आज संध्याकाळीच वडिलांना चांगल्या उजेडात बसवा, कंगवा घ्या, डोकं पाहा, काही वेगळं दिसलं तर फोटो काढा आणि स्लाइड, ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या.