नव्या नोकरीत चार महिने झाले तरी परकं वाटतं. सारखं विचारलं तर कच्चा समजतील. रुळायला किती वेळ लागतो?

चार महिन्यांत परकं वाटणं हा काही आजार नाही. नोकरी बदलणाऱ्या व्यवस्थापकांचा वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. नव्या जागी समाधान आधी चढतं, मग उतरतं, असं त्यात दिसलं. तुम्ही बहुधा उतारावर आहात.

पण खरं सांगू? 'सारखं विचारलं तर कच्चा समजतील' हे तुमचं वाक्य वाचून मी लिहायला बसलो.

पहिल्या नोकरीत माझं नाव 'प्रश्नपत्रिका' पडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मासिक अहवाल माझ्याकडे आला. त्यात एका रकान्यात दर महिन्याला शून्य. हा कशासाठी, असं विचारलं, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "भरायचा म्हणून भरायचा. हुशार माणसाला बघून कळतं." सगळे हसले. मी तोंडाला कुलूप लावलं.

बघून कळलंही बरंच. साहेबांना कधी गाठायचं नाही, मीटिंगमध्ये कोणाच्या आधी बोलायचं नाही, सुट्टी टाकण्याआधी कोणाच्या कानावर घालायची. दीड वर्षात इतका मुरलो की नव्या मुलीनं तोच रकाना दाखवला, तेव्हा मान वर न करता म्हणालो, "भरायचा म्हणून भरायचा."

ती गप्प बसली नाही. अहवाल जिकडे जायचा त्या विभागाला तिनं सरळ फोन लावला. रकाना त्यांना नकोच होता. आम्हाला लागत असेल म्हणून त्यांनी ठेवला होता!

तर साहेब, बघून सगळं कळत नाही. एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९३ मध्ये नव्या अकाउंटंट लोकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. वागण्याबोलण्याच्या रीती ते बघून उचलत, पण कामातलं तांत्रिक मुख्यतः विचारूनच घेत. हे साहेबांच्या टेबलावर आपटायचं होतं, पण मला सापडेपर्यंत ते निवृत्त झाले.

तुम्ही आत्ताच विचारून घ्या. नवेपणाची सूट संपली की "इतके दिवस काय केलंत?" ऐकावं लागतं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा मात्र विचारू नका, लिहून ठेवा. आणि हो, पाणउतारा करणारा थेट तुमचाच वरिष्ठ असेल तर माझं ऐकून भिडू नका, शेजारच्या जुन्या माणसाला गाठा.

किती वेळ लागतो? मला दीड वर्ष लागलं. त्या मुलीला पुरते तीन महिनेही नाही.