आधी बॅरी, मग अ‍ॅबर्डीन

तुमचे पणजोबा दगड घडवणारे कारागीर होते आणि स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या बॅरीला ग्रॅनाइटच्या कामासाठी आले, एवढं हाती आहे ना? मग त्यांच्या घराण्याचा माग काढायला लगेच स्कॉटलंडच्या नोंदींत शिरू नका. तिथे त्याच नावाचे दहा जण भेटतील. आधी बॅरीतली मृत्युनोंद, जनगणना, थडग्यावरचा मजकूर गोळा करा. त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव मिळालं की निम्मं काम झालं, कारण स्कॉटिश नोंदी बाईचं माहेर पुसत नाहीत.

स्कॉटलंडमधली जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५५ पासूनची. मृत्युदाखल्यात आईवडील दोघांची नावं आणि वडिलांचा व्यवसाय असतो. घरात खुद्द १८५५ मध्ये कोणी जन्मलं असेल तर सोनंच! त्या वर्षी आईवडिलांचं वय, जन्मगाव, आधीची मुलं, सगळं विचारलं. पुढच्याच वर्षी ते कमी केलं.

१८४१ च्या जनगणनेतल्या वयावर मात्र विसंबू नका. मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत.

भावंडांची नावं क्रमाने मांडून बघा. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची तिथे रीत होती. नियम नव्हे, पण मला ती फार उपयोगी पडली.