अनाथाश्रमात वाढलेल्या वडिलांच्या नोंदी शोधताना

वडील हयात आहेत ना? मग कागदांआधी त्यांना विचारा, पण एकदाच. गप्प बसले तर खोदू नका.

संस्था बंद पडली तरी नोंदवह्या बहुधा चालवणाऱ्या ट्रस्टकडे, चर्चकडे किंवा सरकारी अभिलेखागारात गेलेल्या असतात. अर्जाला नात्याचा पुरावा जोडा. नाव सगळ्या स्पेलिंगांनी शोधा. कधीकधी आडनाव संस्थेनंच चिकटवलेलं असतं.

आणि ‘अनाथ’ या शब्दावर लगेच भरवसा नको. माझ्या आईच्या नावापुढे तोच शब्द होता, अन् त्याच पानावर भेटायला आलेल्या बाईचा निळा अंगठा. नातं: आई. गरिबीपायी, आजारपणापायी ठेवलेली पोरं अशीच लिहिली जायची. मी ते पान दोन दिवस उलटलं नाही.

फाईल आली की एकट्यानं उघडू नका.