कंपाइल केलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देताना : प्रश्नोत्तरे

प्रश्न : जावात लिहिलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जार फाइल (कंपाइल केलेल्या क्लासचे गाठोडे) ग्राहकाला दिली, तर त्याला आमचा कोड वाचता येईल का?

उत्तर : बहुतेक सगळा वाचता येईल. जावाचा कंपायलर थेट यंत्रभाषा तयार न करता बाइटकोड, म्हणजे जावाच्या आभासी यंत्रासाठीच्या सूचना, तयार करतो आणि त्यात क्लास, मेथड व फील्ड यांची नावे शाबूत राहत असल्यामुळे डीकंपायलरला (कंपाइल केलेल्या फाइलवरून कोड काढणाऱ्या साधनाला) त्यावरून सहज समजेल असा जावा कोड पुन्हा उभा करता येतो. कॉमेंट्स मात्र गळतात. प्रोगार्डसारखे साधन ही बोलकी नावे पुसून व्याज काढणाऱ्या मेथडचे नाव नुसते ‘ए’ करून टाकते. मात्र रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून, हाक मारले जाणारे क्लास त्यातून वगळावेत, नाहीतर प्रोग्राम कंपाइल होतो आणि चालवताना कोलमडतो. नावे बदलल्याची मॅपिंग फाइलही प्रत्येक आवृत्तीगणिक जपून ठेवावी, कारण तिच्यावाचून ग्राहकाने पाठवलेला त्रुटीचा अहवाल आपल्यालाच उलगडणार नाही. शिवाय प्रोगार्ड कोडमधल्या मजकुराला हात लावत नाही. ‘परवान्याची मुदत संपली’ हा संदेश शोधला की परवाना तपासणारी मेथड समोर येते.

प्रश्न : मग सर्व काही सी++ मध्ये लिहावे का?

उत्तर : तेवढ्यासाठी नको. यंत्रभाषा वाचणे निश्चितच कठीण असते आणि ‘स्ट्रिप’ आज्ञेने चिन्हांची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) यादी काढून टाकल्यास ते आणखी कठीण होते. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 2019 मध्ये खुले केलेले घिड्रा हे साधन यंत्रभाषेवरून सी-सदृश कोड फुकट काढून देते. यूपीएक्स या फाइल लहान करणाऱ्या साधनाने फाइल आवळण्याला तर संरक्षण म्हणूच नये, कारण ती सोडवण्याची सोय यूपीएक्समध्येच आहे.

प्रश्न : पायथनची एक्झी फाइल केली आहे. तिच्यातील ‘एपीआय की’ (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) सुरक्षित आहे ना?

उत्तर : नाही. अशी फाइल बनवणारा पायइन्स्टॉलर हा इंटरप्रिटर (पायथन चालवणारा प्रोग्राम) आणि बाइटकोड एकत्र बांधून देतो, आणि ते गाठोडे सोडवणारी साधने सहज मिळतात. सायथन किंवा न्युइट्का वापरून कोड सी भाषेमार्गे कंपाइल करता येतो, पण गुपित की त्यानेही लपत नाही. ती आपल्या सर्व्हरवरच ठेवावी आणि प्रोग्रामने सर्व्हरकडे फक्त विनंती करावी. खरोखर मोलाचे सूत्र असेल, तर तेही तिथेच चालवावे.

प्रश्न : कायद्याचा आधार मिळतो का?

उत्तर : मर्यादित. कॉपीराइट कायदा, 1957 नक्कल करण्यास मनाई करतो. पण दुसरा प्रोग्राम आपल्या प्रोग्रामशी जोडण्यासाठी लागणारी आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढण्याची मुभा कलम 52 कायदेशीर धारकाला देते. म्हणून परवाना कराराचा मसुदा हे कलम समोर ठेवून वकिलाकडून तपासून घ्यावा.