न्यूझीलंडला आम्ही दोघंच मोटरहोम घेऊन जातोय, समुद्राकाठचा कुठला रस्ता घ्यावा?

साउथ आयलंडचा वेस्ट कोस्ट, डोळे झाकून. वेस्टपोर्टहून निघायचं आणि पुढे हायवे ६ ने पुनाकाईकी, होकिटिका करत हास्टपर्यंत खाली यायचं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात त्यामुळे टेन्शन नाही, फक्त एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल बरेच आहेत, तिथल्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. पुनाकाईकीचे पॅनकेक रॉक्स, म्हणजे थरावर थर रचल्यासारखे खडक, भरतीलाच बघा, खडकांच्या भोकांतून पाणी काय उसळतं! रात्री कुठेही गाडी लावू नका हं, सेल्फ-कंटेन्ड (टॉयलेट, पाणी, सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं) सर्टिफिकेटवाली गाडी घ्या नाहीतर सरळ कॅम्पसाइट. डिझेल वाटेतल्या फॉक्स ग्लेशियर गावातच भरून घ्या. आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या भयंकर चावतात, रिपेलंट आधीच घेऊन ठेवा.